हातची वीस मिनिटं

बुधवार, दुपार

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू धसकला असशील, तर आधी सांगून टाकते, कुणाला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे, फक्त एका जागी बूड टेकत नाहीये. आज सुट्टी, म्हणून सकाळपासून हे पत्र लिहायला घेतलंय आणि ही तिसरी खेप. पहिल्यांदा दोन ओळी लिहून उठले आणि ओट्याखालचं कपाट आवरलं. दुसऱ्यांदा चार ओळी झाल्या आणि दाराची बिजागरी कुरकुरते हे आठवलं, तिला तेल घातलं. आता घरात आवरायला काही उरलेलं नाही. तू म्हणशील, फोन करायचा होतास. फोन केला की तू 'हं ताई, बरी आहेस ना' म्हणतोस आणि फोन बायकोच्या हातात देतोस. समोर येऊन सांगावं म्हणून मागच्या महिन्यात आले होते, आठवतं? दोन कप चहा प्यायले, तुमच्या नव्या पडद्यांचं कौतुक केलं आणि आल्या पावली परत गेले. बसमध्ये बसल्यावर स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. लिहिण्यात एक बरं असतं, तुझा चेहरा मला दिसत नाही.

तेव्हा आधी बातमी. भिंगरीला घळीतून जायचंय. आपल्याच घळीतून, वरच्या पाण्याच्या टाकीपासून खालच्या पुलापर्यंत, एका दिवसात. आणि मी तिला नेणार आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. पत्र चुरगाळू नकोस, पुढे वाच. तुला यातलं काही कळू द्यायचं नाही अशी शपथ तुझ्या लेकीने मला घातलीय, आणि ती मी आत्ता मोडतेय. पण नुसती चुगली करायला मी कागद खराब करत नाहीये. आपण दोघं त्या घळीत गेलो होतो त्या दिवसाबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायचीय, अकरा वर्षं सांगायची राहिलेली. ती कळल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, कोण जाणे. म्हणून ही आडवळणं चाललीत. थोडं सांभाळून घे.

तयारीचं तर विचारूच नकोस. सत्तावन्न वर्षांच्या बाईने जे जे करू नये ते सगळं मी करतेय. नवे बूट घेतलेत आणि ते पायांना सरावावेत म्हणून बूट घालून स्वयंपाक करते. पाठीवरच्या सॅकमध्ये डेपोतल्या रद्द झालेल्या वेळापत्रकांचे गठ्ठे भरलेत, नऊ किलो भरले ते, आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी चार मजले चढते-उतरते, दहा वेळा. दुसऱ्या मजल्यावर ते निवृत्त मास्तर राहतात ना, त्यांनी दोन दिवस दार किलकिलं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी अगदी सभ्यपणे विचारलं की घर बदलताय का, आणि बदलताय तर एकदाच टेंपो का नाही बोलावत. मी खरं काय ते सांगितलं. आता ते दाराशी खुर्ची टाकून माझ्या फेऱ्या मोजतात, आणि आठव्या फेरीला मी कठड्याला टेकले की 'दोन राहिल्या' म्हणून आठवण करतात. सहाव्या फेरीपासून माझा उजवा गुडघा कटकट वाजायला लागतो. गुडघ्याचं रडगाणं मी तुझ्यापुढे गाते आहे, कमाल आहे माझी.

तर गेल्या मंगळवारी संध्याकाळी भिंगरी दुकानातून थेट माझ्याकडे आली. दिवसभर चष्म्यांच्या काचा घासून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली असतात, ती तिने नेहमीसारखी माझ्या टॉवेलला पुसली. पाणी प्यायली आणि पर्समधून एक टोपी काढून टेबलावर ठेवली. निळी, लहान मुलाच्या डोक्याची. मी लगेच ओळखली. त्या वर्षी तूच तिला आणून दिली होतीस, पुढच्या खेपेला तुलाही नेतो म्हणून. आपण निघालो त्या सकाळी दहा वर्षांची पोर ती टोपी घालून दारात उभी होती, आत्ताच न्या म्हणून भोकाड पसरून. आता एकवीस वर्षांची झालीय आणि टोपी अजून जपून ठेवलीय तिने. मला वाटलं होतं ती विसरली असेल. आपण दोघंही तसंच समजून चाललो होतो ना?

'बाबांना विचारलं मी,' ती म्हणाली. 'ते म्हणाले, ज्याला वेळेचं भान नाही त्याने त्या घळीत पाऊल टाकू नये. आणि तुला ते नाही, माझ्याकडून नेमकं तेवढंच उचललंस तू.' हे ती हसत हसत सांगत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची घरी पोचायची वेळ उलटून सहा मिनिटं झाली होती आणि तू फोन करत होतास. लगेच दुसऱ्यांदा वाजला. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. 'नाहीच ना गं आत्या मला भान,' असं म्हणाली, माझ्याकडे बघून नाही, टोपीकडे बघून. मी उठले आणि बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद करून आले. ती गेल्यावर मी दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले आणि तेव्हापासून मला चैन नाही.

धाकट्या, तू असा नव्हतास रे. स्वतःच्या लग्नाला तू पाऊण तास उशिरा पोचलास, कारण वाटेत कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत एक म्हातारी होती, आणि लिफ्ट बसवणारा माणूस समोरून नटूनथटून जातोय हे तिथल्या रखवालदाराने ओळखलं. तू हात काळे करून आलास आणि तुझ्या सासऱ्यांना वर म्हणालास, ती म्हातारी तरी वेळेवर घरी पोचली. अख्खा मांडव हसला होता. आई म्हणायची, हा पोरगा पोटातसुद्धा आठ दिवस जास्त राहिला. आणि आता? दवाखान्यात नंबर दहाचा असला तर तू साडेनऊला बाकावर बसलेला असतोस. तुमच्या चारही खोल्यांत घड्याळ आहे, न्हाणीघरातसुद्धा. पान वाढायला पाच मिनिटं इकडची तिकडे झाली की तुझी बायको आधीच ओशाळते. तू तोंडाने काही बोलत नाहीस, घड्याळाकडे बघतोस फक्त. तुला वाटतं, एका माणसाच्या आळसाने काय होतं ते तू अंगावर भोगलंयस, ते इतरांना भोगायला लागू नये. असंच ना?

मला पुन्हा उठावंसं वाटतंय. नाही उठत.

आपल्या दोघांतला तो जुना खेळ तुला आठवतच असेल. माझं काम काय, तर वेळापत्रकं बनवायची. आणि कुठल्याही वेळापत्रकवाल्याची पहिली सवय म्हणजे हातचं राखून ठेवणं. गाडीला दोन गावांमध्ये पन्नास मिनिटं लागत असतील तर कागदावर साठ लावायची आणि ती दहा कुणाला सांगायची नाहीत. डेपोत आम्ही त्यांना नुसतं 'हातची' म्हणतो. ड्रायव्हरला हातची मिनिटं आहेत असं कळलं की तो ती चहाच्या टपरीवर घालवणार, मग टायर बसला की त्याच्याजवळ काही नाही. तेच मी घरी आणलं. तू सदा उशिरा, म्हणून तुला प्रत्येक गोष्टीची वेळ मी वीस मिनिटं अलीकडची सांगायची. चौदा वर्षांचा असताना तुला पत्ता लागला. तेव्हापासून तू मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करायला लागलास आणि बरोब्बर ऐन वेळेला उगवायचास, डोळे मिचकावत. मी तुझ्यापाशी कधी कबूल केलं नाही आणि तूही कधी ओठांवर आणलं नाहीस. मला तो खेळ आवडायचा. मी कितीही लपवलं तरी तू मला ओळखून आहेस, असं वाटायचं.

सोबत एक कागद जोडलाय, त्यात या खेपेचा सगळा बेत आहे. बघ. साडेसहाला पाण्याच्या टाकीपासून सुरुवात. पहिला तास दगडगोट्यांच्या नळीतून खाली, तिथे एकमेकांच्या पुढे-मागे जायचं नाही, बाजूबाजूने उतरायचं, म्हणजे एकीच्या पायाखालचा धोंडा दुसरीच्या डोक्यात जात नाही. मग तो घराएवढा दगड, ज्याला तू कोबी म्हणायचास. त्याच्या पलीकडे घळीचा तळ. भिंगरीला मी सांगून ठेवलंय की तो दगड म्हणजे मुळात वाळूच आहे, दाबून दाबून घट्ट झालेली. तळवा फिरवला की कण हाताला येतात, बाहीला लाल रंग लागतो. तिला ते फार आवडलं. दिवसभर काचा घासणाऱ्या पोरीला आवडायचंच. मग डोह, मग तो बोळ जिथे सॅक काढून हातात धरून आडवं सरकावं लागतं, मग तीन टप्पे, म्हणजे सरळ खाली तुटलेले कडे. पहिल्या टप्प्याशी एक वाजायच्या आत पोचलो तर पुढे, नाहीतर मागे. तो टप्पा उतरलं की मागे फिरता येत नाही, हे मी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलंय. प्रत्येक टप्प्यावर दोर, कितीही वेळ जावो. आणि आदल्या तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर बेत रद्द. तो दगड पाणी पितो. वरून कोरडा दिसतो आणि आतून ओला असतो, मग धरलेला कंगोरा हातात येतो. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, कारण नंतर त्या दगडावर मिळेल ते सगळं मी वाचून काढलं. एखादं तरी कारण असं सापडावं ज्यात मी नसेन, म्हणून.

त्या वर्षीचा बेतही मीच आखला होता. निघायच्या महिनाभर आधी कागद तयार होता, तू त्यावर चहाचा कप ठेवून गोल डाग पाडलास म्हणून मी ओरडले होते. पुलावर पोचायची वेळ पाच-वीस आणि पुलावरून सुटणारी शेवटची बस पाच-चाळीसची. हातची वीस मिनिटं. मी सांगितली नाहीत, तू विचारली नाहीस, नेहमीसारखंच.

त्या सकाळी आपण टाकीपर्यंत बसने गेलो. तू खिडकीला डोकं टेकून झोपलास, कारण आदले पाच दिवस एका उंच इमारतीचं काम उरकायला तू दोन-दोन पाळ्या केल्या होत्यास. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. समोर त्याच्या पाठीशी नवं वेळापत्रक चिकटवलेलं, त्याच आठवड्यात लागू झालेलं. मी काही करायला नाही म्हणून वाचायला लागले. पुलावरून शेवटची बस, रविवार, पाच-वीस. पाच-चाळीस नाही. वीस मिनिटं अलीकडे आणली होती आणि खाली सही माझी होती.

बघ, आता लिहिलं. ती बस मीच अलीकडे आणली होती. ड्रायव्हरांची पाळी वेळेत संपावी म्हणून वरून हुकूम आला होता आणि मी एका दुपारी बसून साठ-सत्तर गाड्या हलवल्या, त्यात ही एक. डेपोतल्या टेबलावर ती नुसती एका ओळीतली एक वेळ होती. आपल्या बेताचा कागद घरी कपाटात. दोन्ही माझ्याच अक्षरात, आणि माझ्या एकाच डोक्यात ते एकमेकांना भेटले नाहीत. दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी त्याला डेपोभर नाचवलं असतं.

तुला उठवून तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू आधी पोट धरून हसला असतास, आणि मग आपण डोहावर न थांबता सरळ पुढे गेलो असतो, किंवा बेत पुढे ढकलला असता. काहीच कठीण नव्हतं. पण जन्मभर तुला वेळेवरून धारेवर धरणारी मी, माझ्याच वेळापत्रकात मी आपटले हे तुझ्यापुढे कबूल करणं मला झेपलं नाही. म्हटलं, कुठे चार, कुठे पाच मिनिटं वाचवू, त्याला कळायचं पण नाही. कोबीपाशी तू फोटो काढत होतास तेव्हा मी चल चल करत होते, ते त्यासाठीच. पण वाचलं काहीच नाही.

डोहाशी आपण बाराला पोचलो. साडेबाराला निघायचं होतं. पाव, अंडी, खजूर खाऊन तू त्या गुळगुळीत उतरत्या खडकावर पाठ टेकलीस, टोपी डोळ्यांवर ओढलीस आणि म्हणालास, 'ताई, तुझी हातची वीस मिनिटं आहेत ना, ती आज मी झोपून खाणार. वीस मिनिटांनी उठव.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू ते बोलून दाखवलंस. आणि मी काय केलं? मी हसले. नाही म्हटलं नाही. तू झोपलास आणि मी तुझ्या शेजारी गुडघ्यांना मिठी मारून बसले. तुझं तोंड उघडं पडलं होतं, अगदी लहानपणी पडायचं तसं, आणि नखांत ग्रीस होतं. एकदा तुझ्या खांद्याला हात लावला. पाच दिवस झोपलेला नाही, झोपू दे, असं स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. पण त्याच्यामागे लपायला मला जागा मिळाली, हेही तितकंच खरं आहे. घड्याळ हातात धरून मी ती सगळी वीस मिनिटं बघत बसले. तू नाही ती घालवलीस, धाकट्या. ती मुळात नव्हतीच, आणि हे माहीत असलेलं माणूस तुझ्या शेजारी जागं होतं.

पुढचं तुला माहीत आहे असं तू समजतोस. बोळातून मी तुला अक्षरशः ढकलत आणलं. तू दोनदा विचारलंस, एवढी कसली घाई, हातात वेळ आहे ना? मी म्हटलं, तू झोपलास म्हणून उशीर झालाय. हे वाक्य मी म्हटलं होतं. तुला आठवतं का मला माहीत नाही, मला रोज आठवतं. पहिले दोन टप्पे आपण दोराने उतरलो. तिसरा दीड पुरुष उंच. मी आधी दोराने उतरले, मग शेवटी दोर खालून ओढून घेता यावा म्हणून तू तो वर सोडवून पुन्हा लावायला लागलास. एकदा दोर लावायला सात मिनिटं लागतात, माझ्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं. मी खालून ओरडले, दोर राहू दे, लोंबकळून ये. तू माझं ऐकलंस. दोन दिवसांपूर्वी पाऊस होऊन गेला होता. तुझ्या डाव्या हातातला कंगोरा सुटला, त्याचा फार आवाजही आला नाही.

मग मी पुलापर्यंत धावले. कशी धावले आठवत नाही. पुलावर आले तेव्हा घड्याळात पाच-तेहेतीस झाले होते आणि बस उभी होती. दिवे लावून, दार उघडं ठेवून, उभी होती. तो जाड मिशांचा ड्रायव्हर खाली उतरून कठड्याशी हातपाय ताणत होता. त्याने आणि तीन उतारूंनी मागच्या बाकाची फळी काढली, तिच्यावर घालून तुला आणलं. तुला शुद्ध होती, पण तू फक्त गुडघा, गुडघा म्हणत होतास. वाटेत मी त्या ड्रायव्हरला विचारलं, तुम्ही अजून इथे कसे? तो खजील झाला. मी डेपोतली, त्याला वाटलं मी तक्रार करणार. म्हणाला, 'बाई, कागद तुमचा बरोबर आहे. पण रविवारी घळीतून माणसं येतात, थकलेली असतात. मी काही पाच-चाळीसच्या आत पूल सोडत नाही. साहेबांना नका सांगू.' म्हणजे त्याच्याजवळही हातची होती, आणि त्यानेही ती कुणाला सांगितली नव्हती. आपल्याला घाई करायचं काही कारणच नव्हतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू बायकोला सांगितलंस, ताईने हातची वीस मिनिटं ठेवली होती, ती मी झोपून घालवली, चूक माझीच. मी पलंगाच्या पायथ्याशी फळांची पिशवी घेऊन उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतली फळं काढून टेबलावर मांडायला लागले. म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, चालायला लागू दे. मग तू कुबड्या सोडल्यास, लिफ्टच्या खोबणीत चढायचं काम सुटलं, त्या वर्कशॉपात मोटारींच्या तारा गुंडाळायला बसलास, आणि तोवर माझी जीभ पार जड झाली होती. पुढच्या वेळापत्रकात मी ती बस परत पाच-चाळीसची केली. का, ते कुणी विचारलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत ती तशीच राहील, आणि मला तेवढंच करता आलं. तू घरात एकेक घड्याळ वाढवत गेलास आणि मी प्रत्येक घड्याळ बघत गेले. न्हाणीघरातलं लागलं त्या दिवशी तर मीच तुला खिळा धरून दिला होता.

माझ्यावर रागव. बोलू नकोस हवं तर, ते मला सोसेल, निदान सोसायचा प्रयत्न करीन. पण तुला वेळेचं भान नव्हतं म्हणून तू पडलास हे खोटं आहे. तू पडलास कारण तुझ्या बहिणीला आपली चूक कबूल करवली नाही. तुझ्यात काही खोट नव्हती, तेव्हा पोरीने ती उचलण्याचा प्रश्नच येत नाही. मंगळवारी ती त्या टोपीकडे बघून जे बोलली, ते माझ्याच्याने ऐकवलं नाही, म्हणून हे पत्र. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते आधी तुझं आहे, मग तू तिला सांग, तुझ्या तोंडून. तू नको म्हणालास तर मी तिला घेऊन जाणार नाही, बूट मास्तरांना देऊन टाकीन. पण हो म्हणालास तर सोबतचा कागद नीट बघ. हातची चाळीस मिनिटं आहेत, लाल शाईने, वरती मोठ्या अक्षरात. भिंगरीला माहीत आहेत, मास्तरांना माहीत आहेत, आता तुलाही. बस नको आहे आम्हाला. बायकोला गाडी काढायला सांग आणि दोघं पुलावर घ्यायला या. आम्ही पाचच्या सुमारास पोचू. आणि एक ऐक, दोन वाजल्यापासून कठड्याशी येऊन घड्याळ बघत उभा राहू नकोस. दुपारी झोप काढ. वाटेत कुणाची लिफ्ट अडकली असेल तर ती सोडव. पूर्वी यायचास तसा ये, चांगला उशिरा. आम्ही दोघी थांबू.

तुझीच,
ताई